हरकत कोणाचीच नव्हती

भाड्याची खोली शोधून देणं हे माझ्या कामात कुठेच बसत नव्हतं. मी मुरबाडच्या सरकारी इस्पितळात समुपदेशक होते. एचआयव्हीची तपासणी करायला आलेल्या माणसाशी आधी बोलायचं, रिपोर्ट आला की पुन्हा बोलायचं, आणि रिपोर्ट वाईट असेल तर त्या माणसाला एकटं पडू द्यायचं नाही, एवढं माझं काम. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या चपला झिजल्या त्या तपासण्यांपायी नाही, खोल्यांपायी. मुरबाडात रिकामी खोली कुठे आहे, मालक कोण आहे, आणि कोणत्या सबबीखाली तो ती देणार नाही, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकते.

याआधी, नव्वदच्या दशकात, मी किन्हवलीच्या बाजूला गावोगाव फिरणारी नर्स होते. तेव्हा या आजाराची माहिती द्यायची म्हणजे आम्ही भिंतीवर एक कवटी, खाली दोन आडवी हाडं, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘मृत्यू’ असं रंगवून घ्यायचो. वरून तसंच चित्र यायचं. पुढे धोरण बदललं. आता घाबरवायचं नाही, समजवायचं, असा आदेश आला. भिंतींवर चुना फिरवला. लोकांच्या डोक्यातली कवटी पुसायचं काम मात्र माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडलं, आणि त्यासाठी चुना मिळत नाही.

मला बसायला दिलेली खोली क्ष-किरण विभागाच्या शेजारी होती. मी शिकले होते की आमच्या कामात गुप्तता सगळ्यात महत्त्वाची. पेशंटचं नाव घरच्यांनाही सांगायचं नाही. आणि त्या खोलीच्या दारावरच्या पाटीवर दुरून दिसेल एवढी एड्सची लाल फीत रंगवलेली! आत पाऊल टाकलं की बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या माना वळायच्या. पाटी काढा म्हणून मी किती वेळा सांगितलं. ‘पाहणीला पथक येतं, पाटी लागते,’ हे उत्तर ठरलेलं. शेवटी मी घरून पडदा आणला आणि पाटीवर सोडला. पथक यायच्या दिवशी तो वर करायचा.

याच बाकावर काशिनाथ आणि मंदा एकमेकांना भेटले. ही दोघांचीही खरी नावं नाहीत. पण हे सगळं लिहू का म्हणून मी मंदाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिवा की मॅडम. नाव बदला, बाकी काय बी बदलू नका.”

मंदा टोकावड्याच्या पुढच्या एका गावची. नवरा ट्रकवर होता, तो याच आजाराने गेला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, आणि भावाने तिला गोठ्याला लागून पत्र्याची पडवी काढून दिली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. काम मात्र वेगळं नव्हतं. लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं तिच्याकडे. तिच्या हाताने लावलेला भात सगळ्या घराला चालायचा, तिच्या हाताने वाढलेला चालायचा नाही. मी भावाला एकदा हेच बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, “मॅडम, भात शिजतो. शिजल्यावर मरतात जंतू.” मी कपाळावर हात मारून घेतला. शिकवलेलं अर्धंच डोक्यात राहतं, आणि राहतं तेही सोयीचं अर्धं.

काशिनाथ किन्हवलीकडचा. बायको वारली, मग त्याची तपासणी झाली. मुरबाडच्या स्टँडजवळ त्याचं मोटार बांधायचं दुकान होतं. शेतावरच्या पंपाची मोटार जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, ते काम. हाताचा अतिशय कसबी माणूस. एका उन्हाळ्यात माझ्या खोलीतला पंखा बंद पडला होता आणि मी त्याच्या नावाने खडे फोडत बसले होते. बाकावर नंबर लावून बसलेला काशिनाथ आत आला आणि म्हणाला, “मॅडम, स्टूल आहे का?” स्टूल डगमगत होतं. बाकावर शेजारी बसलेली मंदा न बोलावता उठली आणि तिने ते धरून ठेवलं. पंखा चालू झाला. त्यानंतर दोघं एकाच दिवशी यायला लागली. मला हे कळायला वेळ लागला, कारण मी सल्ले देण्यात गुंग होते.

लग्न साधंच झालं, देवळात. त्यांच्याकडून माणूस असं कोणी आलं नाही. मी होते, आमचे हे होते, दुकानाशेजारचा चहावाला होता. लग्नानंतर खोली हवी होती, कारण काशिनाथ तोवर दुकानातच झोपायचा.

मोठ्या उत्साहाने मी खोली शोधायला निघाले, आणि पहिल्याच दारात मला कळलं की माझी शिफारस हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. मुरबाडात सगळे मला ओळखत. मी ज्याच्यासाठी शब्द टाकणार तो माझा पेशंटच असणार, हे लोक धरून चालत. ‘मॅडम, कोण आहेत हो ते? तुमच्याकडे येतात का?’ असं हसून विचारत, आणि मग खोली पुतण्याला द्यायची ठरलेली असे. त्या वर्षी मुरबाडात पुतणे फार झाले होते. म्हणून मी बाजूला झाले आणि काशिनाथला म्हटलं, तूच बघ.

त्याला खोली मिळाली अण्णांच्या चाळीत. अण्णा म्हणजे तिथलं जुनं शेतकरी घराणं, देवळाच्या कमिटीवर, पंचक्रोशीत वजन. स्टँडच्या मागे त्यांनी खोल्या काढल्या होत्या. दारापुढे सारवलेलं अंगण, सगळ्यांना मिळून एक नळ, कोपऱ्यात सामाईक संडास. अण्णांच्या शेतावरचा पंप काशिनाथच दुरुस्त करायचा, त्यामुळे ओळख जुनी. मी अण्णांना वाईट माणूस म्हणणार नाही. चाळीत कोणी आजारी पडलं तर स्वतःची जीप काढून कल्याणला पोचवणारा माणूस होता तो. म्हणून तर माझा जास्त जीव जळतो.

मंदाने खोली अशी लावली की बघत राहावं. दाराला तोरण, खिडकीत तुळस. चाळीतल्या बायका तिच्याकडून गोधडीचे टाके शिकायला येऊ लागल्या. भाताचे पापड चाळीच्या अंगणात एकत्र वाळायला लागले. एवढं सगळं सुरळीत चाललं होतं आणि एका सकाळी तिचा भाऊ आला.

त्याला राग लग्नाचा नव्हता. लावणी तोंडावर आली होती आणि हक्काचे दोन हात गेले होते, त्याचा होता. तो न्यायला आला. मंदा म्हणाली, “दादा, मी नाय येणार.” तो पायरीवरून मागे सरकला, अंगणात मधोमध उभा राहिला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला, “राहा मग इथं! तुमी पण ठेवा हिला. दोघांना एड्स हाय, माहीत नाय वाटतं तुमाला!”

नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनी हंडे तसेच खाली ठेवले. मंदा सांगते, एकेकीने आपापले पापड उचलून घरात नेले. तिचे तेवढे अंगणात राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी खोली रिकामी करायला सांगितली. मी तडक त्यांच्या ओटीवर गेले. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, त्यामुळे मी सगळं समजावून सांगितलं. नळाने होत नाही, संडासाने होत नाही, डासाने होत नाही, हात लावून होत नाही, एकत्र जेवून होत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला चहा दिला.

“मॅडम,” ते म्हणाले, “तुमी बोलता ते मला पटतंय. माझं काय नाय. पण शेजारी नाय ऐकत. बिऱ्हाडं सोडून जातील माझी.”

“कोण म्हणतं असं? मला नावं सांगा. मी एकेकाशी बोलते.”

“सगळेच बोलतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

“बोला ना, जा तुमी. माझं काय नाय.”

मी गेले. पहिल्या खोलीत एका खाजगी दवाखान्यातला कंपाउंडर राहायचा. म्हटलं, हा तरी आपला माणूस. तो म्हणाला, “मॅडम, मला काय सांगता, मला सगळं माहीत आहे. माझं काही नाही. मिसेस घाबरते.” मिसेस आतून बाहेर आली. “मी कशाला घाबरू? यांनाच झोप लागत नाय. माझं काय नाय, पण पलीकडच्या ताई बोलत होत्या.” पलीकडच्या ताई शिवण घेऊन बसल्या होत्या. त्यांचंही काही नव्हतं. शेवटच्या खोलीतल्या आजी फार बोलतात, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या खोलीतल्या आजी दाराशी ऊन खात बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “मला गो काय व्हायचं राह्यलंय आता? पोर गुणाची हाय. पण अण्णाला नको हायत ना ती.”

मी त्या अंगणात उभी राहिले आणि मला रडावं की ओरडावं ते कळेना. सगळी चाळ फिरून मी जिथून निघाले तिथेच आले होते. हरकत कोणाचीच नव्हती, आणि तरी खोली रिकामी करायची होती. एखादा माणूस छाती पुढे काढून म्हणाला असता की मला नको हे लोक, तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथे भांडायला माणूसच सापडत नव्हता.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, खोली मालकाची, करारनामा नाही, आणि तक्रार द्यायची तर दोघांची नावं आणि आजार कागदावर येणार. गुप्तता सांभाळणारी मी, आणि न्याय मागायचा तर आधी तीच मोडायची! काशिनाथ म्हणाला, “नको मॅडम. कोर्टात जाऊन खोली मिळंल, पण शेजार कुठनं मिळंल?”

मग चाळीने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. मंदा पाणी भरून गेली की नळ राखेने घासला जाऊ लागला. दोरीवरचे कपडे तिच्या कपड्यांपासून लांब सरकले. मग संडासाला नवं कुलूप आलं आणि त्याच्या किल्ल्या सगळ्या बिऱ्हाडांना वाटल्या गेल्या, हे एक घर सोडून. मंदा पहाटे अंधारात लांब ओढ्याकडे जायला लागली. मग एके दिवशी खोलीची लाइट गेली. त्यांचीच.

मी काशिनाथवर चिडले. “अरे, तू वायरमन माणूस. खांबावर चढून एका मिनिटात जोडशील.”

“जोडीन की. पण मीटर अण्णांचा हाय. त्यांच्या मनाशिवाय हात नाय लावणार.”

आणि याच दिवसांत अण्णांच्या शेतावरची मोटार जळली, तर ती कोणाकडे आली? काशिनाथकडेच. अण्णांनी गड्याबरोबर दुकानात पाठवली. काशिनाथने बांधून दिली. नेहमीसारखीच, चोख. मला हे कळलं तेव्हा मी त्याला वाट्टेल ते बोलले. मोटारीला त्याचे हात चालतात आणि संडासाच्या कडीला चालत नाहीत? तो तार गुंडाळत म्हणाला, “मोटारीचं काय चुकलं मॅडम त्यात?” असल्या माणसांपुढे माझ्यासारखीने काय करावं?

मी पुन्हा अण्णांकडे गेले. या वेळी चहा नव्हता. माझा आवाज चढला होता हे मान्य आहे. अण्णाही वैतागले. म्हणाले, “एवढं वाटतं तर मग तुमीच ठेवा की तुमच्याकडे!”

हे वाक्य मला नोकरीत अनेकांनी ऐकवलं होतं. एरवी मी म्हणायचे, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना घरी ठेवायला माझी धर्मशाळा आहे का? पण आमच्या घराला मागच्या बाजूला खरंच एक खोली होती. स्वतंत्र दार, मोरी, लागूनच संडास. पूर्वी तिथे एक नर्स राहायची, आता आमच्या ह्यांची जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी राहत होती. चालत घरी येईपर्यंत माझं ठरलं.

आमचे हे एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. वाचन दांडगं. दर डिसेंबरला एड्स दिनाची इस्पितळाची फेरी निघायची तिच्या घोषणा तेच लिहून द्यायचे, यमक जुळवून. काशिनाथच्या लग्नात अक्षता टाकायलाही होते. तेव्हा मी खोलीचं सांगितलं की ते हो म्हणतील, एवढंच नाही, वर मलाच म्हणतील की इतके दिवस का थांबलीस, अशी माझी कल्पना. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

“माझं काही नाही गं,” ते म्हणाले, “पण लोक काय म्हणतील?”

मला आधी हसूच आलं. नंतर आलं ते हसू नव्हतं.

“लोक म्हणजे कोण?”

“अगं लोक म्हणजे… लोक.”

“नावं सांगा. मी आत्ता चाळभर नावं शोधून आलेय. तुमच्याकडे असतील तर द्या.”

“तू चिडू नकोस. मी तत्त्वतः तुझ्याच बाजूचा आहे.”

“तत्त्वतः सगळं मुरबाड माझ्या बाजूचं आहे हो! खोली फक्त मिळत नाही.”

त्यानंतर आमच्या घरात काही दिवस भांड्यांचेच आवाज होते. मी डबा भरून द्यायचे, ते घेऊन जायचे. मग एका रविवारी मी कपडे धूत होते तेव्हा मागच्या खोलीत खडखडाट ऐकू आला. जाऊन बघते तर हे नाकाला रुमाल बांधून रद्दीचे गठ्ठे बाहेर काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “ही रद्दी माळ्यावर मावेल का?”

काशिनाथ आणि मंदा आमच्याकडे राहायला आली. भाडं घ्यायलाच हवं, असा काशिनाथने हट्ट धरला, आणि आम्ही घेतलं. फुकट राहिलेल्या माणसाला मान वर करून वावरता येत नाही, हे त्याने मला समजावलं. मीच समुपदेशक!

यानंतर काय होईल याची मला कल्पना होती, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गल्लीत गेले. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात दूध आणि मला कागदी कपात. यजमानीण गोड हसून म्हणाली, “पेले कमी पडले हो.” तिच्यामागे फळीवर पेल्यांची उतरंड लखलखत होती. इतकी वर्षं मी पेशंटांना सांगत होते, मनाला लावून घेऊ नका, लोक अज्ञानी असतात. तो कागदी कप हातात धरल्यावर मला कळलं, की अज्ञानी म्हटल्याने घशाखाली दूध उतरत नाही. मी कप तसाच ठेवून घरी आले आणि मंदाला सगळं सांगितलं. तिने नुसतं हातात हात घेतला. समजावलं वगैरे नाही.

पण खरी गंमत ह्यांची झाली. एका संध्याकाळी हे पतसंस्थेतून आले ते चपला भिरकावूनच.

“माझ्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलाय!”

“कोणी?”

“कोणीच नाही म्हणतात! शिपाई म्हणतो साहेबांनी सांगितलं, साहेब म्हणतात माझं काही नाही, स्टाफचं म्हणणं पडलं. अगं, मला काय झालंय? मला कशाला दोरा?”

“आणि झालं असतं तर बांधायला हवा होता का?” मी विचारलं.

त्यांनी भिरकावलेल्या चपला उचलून जागेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आवरून गेले. माझ्या शिवणाच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ गायब होतं. संध्याकाळी स्वतःच सांगत आले, की त्यांनी सगळ्यांच्या आधी पतसंस्था उघडायला लावली आणि फडताळातल्या प्रत्येक कपाच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवला. साहेबांच्यासुद्धा. चहाच्या वेळी कोणाचा कोणता, कोणालाच कळेना. चहा तसाच गार झाला. पुढच्या आठवड्यात तिथे काचेचे ग्लास आले, सगळ्यांना एकसारखे, आणि तो विषय संपला. माझ्या इतक्या वर्षांच्या घोषणा, फेऱ्या, तक्ते एका बाजूला, आणि ह्यांच्या कपाला बांधलेला दोरा एका बाजूला. त्यानंतर मागच्या खोलीबद्दल कोणी शब्द काढला तर माझ्या आधी हे भांडायला उठायचे.

मंदाची दाढ याच काळातली. गाल सुजला, डोळा उघडेना. तिने गावातल्या दाताच्या डॉक्टरला प्रामाणिकपणे आजार सांगितला. सांगू नये असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी कुठल्या तोंडाने सांगणार? डॉक्टर म्हणाला, मशीन बिघडलंय, सोमवारी या. सोमवारी वीज नव्हती. मग हत्यारं धुवायला गेली होती. मी शेवटी फोन केला आणि माझीच दाढ दुखते असं सांगितलं, तर म्हणाला, लगेच या, मोकळाच आहे. मी मंदाला घेऊन गेले आणि खुर्चीत तिला बसवलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “मशीन सुरू झालं ना? हत्यारं प्रत्येक पेशंटनंतर उकळताच ना? मग कोणाचीही दाढ काढता यायला पाहिजे.” तो म्हणाला, “मॅडम, माझं काही नाही हो, पण बाकीच्या पेशंटना कळलं तर…” शेवटी आम्ही एसटीने ठाण्याला गेलो आणि मोठ्या सरकारी इस्पितळात ती दाढ काढून आलो. बोलत बोलत काढली त्या डॉक्टरणीने. एका दाढेसाठी सगळा दिवस, सुजलेला गाल घेऊन. येताना मंदा खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी रस्ताभर मनातल्या मनात त्या डॉक्टरशी भांडत होते. अजूनही कधी कधी भांडते.

पुढे सरकारी औषधं सुरू झाली. दोघांनी ती एकदाही चुकवली नाहीत. काशिनाथचा खोकला गेला, मंदाच्या अंगावर मांस आलं. ज्यांनी ‘किती दिवस काढणार’ म्हणून माना हलवल्या होत्या, त्यांच्यातल्या काहींना ही दोघं स्मशानापर्यंत पोचवून आली. काशिनाथने म्हसा रस्त्याला एक तुकडा जागा घेतली आणि हळूहळू, सवड होईल तसं, दोन खोल्यांचं घर बांधलं. सगळ्यात आधी बोअर मारली आणि संडास बांधला. भिंती नंतर. कोणी विचारलं तर म्हणायचा, “आधी जे लागतं ते आधी.”

घरभरणीचं जेवण बुधवारी होतं. मंदाने कोणाकोणाला बोलावलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. अण्णा, कंपाउंडर आणि त्याची मिसेस, शिवणाच्या ताई, आख्खी चाळ. आजी तेवढ्या राहिल्या नव्हत्या.

“अगं, ज्यांनी तुला पहाटेच्या अंधारात ओढ्यावर जायला लावलं, त्यांना पंगतीला?”

“शेजारी होती ना मॅडम ती,” एवढंच ती म्हणाली.

आणि लोक आले. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. घर फिरून बघितलं, भिंतींवर हात फिरवला, काशिनाथचं कौतुक केलं. मग पानं मांडायची वेळ झाली आणि एकेकाला उपास निघायला लागला. शिवणाच्या ताईंना कसलंसं व्रत होतं. कंपाउंडरच्या मिसेसने नवस बोलला होता. अण्णा खुर्चीत बसले होते, थकले होते आता, हातात काठी होती. ते म्हणाले, “माझा पण आज उपास हाय गो. नायतर जेवलो असतो.” बुधवारी मुरबाडात एवढे उपास असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. माझी कानशिलं तापली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदा आत गेली.

बाहेर आली ती मोठं पातेलं घेऊन. साबुदाण्याची खिचडी, वरून भरपूर दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं. वाफा निघत होत्या.

“उपासाचं वेगळं केलंय,” ती म्हणाली. टोमणा नव्हता, हसू नव्हतं. “मला वाटलंच, कोणाकोणाचा असंल म्हणून. अण्णा, तुमी हितंच बसा, खाली नका बसू, गुडघे दुखतील.”

तिने ताटली भरली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ताटलीकडे बघितलं, मंदाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दारात आमचे हे उभे होते, हाताची घडी घालून, आणि ते हलणार नव्हते. अण्णांनी काठी भिंतीला टेकवली. चमचा हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला, औषध घेतल्यासारखा. दुसरा डोळे उघडून. मग तोंडातलं संपवून हळूच म्हणाले, “मीठ बरोबर हाय.”

मला तेवढंच हवं होतं. इतक्या वर्षांचं सगळं माझ्या जिभेवर आलं. संडासाची किल्ली, तोडलेली लाइट, राखेने घासलेला नळ. मी पुढे झाले. मंदाने मागून माझा दंड धरला, मला ओढून घेतलं आणि कानाशी म्हणाली, “मॅडम, खाऊ द्या त्यांना. म्हातारा माणूस, सकाळपासून उपाशी आला असंल.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि पुऱ्या लाटत बसले. मंदाला ते जमलं. मला नाही जमलं, आजही जमत नाही. बाहेरून अण्णांचा आवाज आला. ते काशिनाथला विचारत होते, “अजून थोडी उरली हाय का रे?”